सूज उतरली आणि दादाने सईला घरी आणलं

चुका पोटात घाला. आठवीत शाळा सोडलीय आणि टाईप करायला मला फार वेळ लागतो. एरवी मी या ग्रुपवर नुसती वाचते, पण आज राहवत नाहीये.

माझ्या दादाची मुलगी सई दीड वर्षाची आहे. तिचे गाल आणि पाय फुगले तेव्हा सगळे म्हणायचे, काय छान बाळसं धरलंय! मग ती खाईना, हसेना. वहिनी आणि मी तिला इथल्या, चेन्नईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. सिस्टरने पायावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. म्हणाली, ही सूज आहे, पोरीला नुसत्या पेजेवर ठेवलंत म्हणून.

तिला तिथेच वॉर्डात ठेवून घेतलं. औषध आणि थोडं थोडं दूध सुरू झालं, तशी सूज उतरली. आज दादा कारखान्यातून थेट वॉर्डात आला आणि सईच्या बरगड्या बघून ओरडलाच, "गुबगुबीत पोर दिली होती, उपाशी ठेवून काडी केली यांनी!"

सिस्टर तमिळमध्ये सांगत होती, "अंगातलं पाणी गेलंय, आता खरं वजन वाढेल. नेऊ नका." मी ते दादाला मराठीत सांगितलं.

"शाळा झेपली नाही, आणि मला शिकवतेस?"

वहिनी सईचे कपडे पिशवीत भरायला लागली. आमच्या जबाबदारीवर नेतोय, अशी दादाने कागदावर सही केली आणि सईला घरी आणलं. बाळसं म्हणणाऱ्या शेजारणीच आता म्हणतायत, दवाखान्यात नेलं की असंच होतं.

तुमच्यात चेन्नईतलं कोणी मराठी डॉक्टर आहे का? माझं नाही, पण तुमचं तो ऐकेल. उद्या त्याला समजवाल?

बाहेर ओरडा चाललाय, आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी आली, घागरी भरायला जाते.