बॉनेटपुढचं शून्य

सासऱ्यांनी डहाणूच्या चिकूवाडीत नवी गाडी आणून उभी केली तेव्हा रंग, सीट असल्या क्षुल्लक गोष्टी कोणाला बघूच दिल्या नाहीत. ते निवृत्त गणितशिक्षक. आधी व्याख्यान झालं.

"संध्याकाळी खिडकीच्या काचेत घरातला दिवा बाहेर चिकूखाली लागलेला दिसतो ना? तसंच. डॅशबोर्डच्या खाचेतून प्रकाश निघतो, समोरच्या काचेवरून डोळ्यात येतो, आणि वेगाचा आकडा बॉनेटच्या पुढे तरंगताना दिसतो. मान खाली घालायला नको!"

मान खाली न घालणं हा त्यांचा जुनाच गुण. पण खरी अडचण वेगळी होती. त्यांना लांबचं स्वच्छ दिसे, जवळचं नाही. स्पीडोमीटर वाचायला चष्मा लावला की रस्ता पुसट व्हायचा. दोन भिंगांचा चष्मा म्हाताऱ्यांसाठी असतो, असं ते सत्तरीत म्हणत. म्हणून बायकोने वडिलांना अट घातली होती : उधव्याला जाऊन यायचं, मी विचारेन तेव्हा वेग सांगायचा. तीनदा चुकलात तर चावी माझ्याकडे, कायमची.

निघताना सासूबाईंनी पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, आणि महालक्ष्मीच्या देवळातून आणलेली लाल चुनरी डॅशबोर्डवर, चार घड्या घालून.

तो आकडा फक्त चालवणाऱ्याच्या जागेवरूनच दिसतो. पुढे शेजारी बसलेल्या बायकोने आणि मागे सासूबाईंजवळ बसलेल्या मी तो आहे असं मानायचं होतं. एवढ्या भांडवलावर मोठमोठे पंथ चालतात.

"बाबा, किती?"

"पन्नास."

बायकोने वाकून स्पीडोमीटर पाहिला. "अडतीस."

"उताराचा फरक पडतो," सासरे म्हणाले.

तलासरीजवळ त्यांनी "साठ" असं जाहीर केलं, तेव्हा एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून जात होता.

"दोन झाल्या, बाबा."

उधव्याला चहाला थांबलो. सासऱ्यांनी मला गाडीमागे ओढलं. "जावईबापू, आकडा दिसतच नाही हो. निघाल्यापासून. डोळे गेले बहुतेक." आवाजात व्याख्यानाचा मागमूस नव्हता.

मी त्यांच्या जागेवर बसून गाडी चालू केली. "मलाही दिसत नाही."

इतका आनंद त्यांना आमच्या लग्नातही झाला नव्हता.

मग मी चुनरीचं टोक उचललं. खाच तिच्याखाली होती. सासरे घाईने आत बसले, आणि बॉनेटच्या पुढे त्यांना शून्य दिसलं. जन्मभर पोरांना वाटलेलं शून्य त्या दिवशी प्रथमच त्यांना आवडलं.

सासूबाई मात्र अडून बसल्या. "सव्वा महिना चुनरी तुमच्यासमोरच राहील, अहो. आकड्याचं तुम्ही बघा."

बरीच बोलणी झाली. शेवटी चुनरी स्पीडोमीटरवर सोडली. ती समोरही राहिली, आणि तिच्याखाली झाकलं गेलं ते सासऱ्यांना एरवीही दिसत नव्हतं.

परतताना बायकोने विचारलं, "बाबा, किती?"

"त्रेचाळीस."

तिने चुनरी उचलून पाहिलं. त्रेचाळीस.

"आता?"

"एक्कावन्न."

पुन्हा उचलली. एक्कावन्न.

तलासरी मागे पडल्यावर तिने आणखी एकदा विचारलं, उत्तर ऐकलं, आणि हात मांडीवरच ठेवला.