झुलेखा मॅडमनी आखलेलं हृदय

दुबईहून शारजाला परतताना नेहमीसारखी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तेव्हा आईचा फोन आला. "झुलेखा मॅडम गेल्या गं..." आई एवढंच म्हणाली. पुढची गाडी सरकली, मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी माझा पाय ब्रेकवरून हलेना. त्याला आता पाच आठवडे झाले.

मॅडम मूळच्या रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. शारजातल्या आमच्या शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. ठेंगण्या, स्कार्फ सतत सावरणाऱ्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी आठवीत होते. रक्ताभिसरणाचा धडा आला, तेव्हा त्यांनी पुस्तकं मिटायला लावली आणि शाळेच्या सिमेंटच्या पटांगणावर खडूने चार कप्प्यांचं हृदय आखलं, चांगलं बसएवढं. कँटीन म्हणजे फुप्फुसं, गेट म्हणजे पायाचा अंगठा, आणि आम्ही सगळे रक्त. गेटपासून निळं कार्ड घेऊन निघायचं, उजव्या वरच्या कप्प्यात शिरायचं, खालच्या कप्प्यात उतरायचं, तिथून कँटीनला. तिथे निळं देऊन लाल कार्ड घ्यायचं, डाव्या बाजूने हृदयात यायचं आणि पुन्हा गेटकडे. "यल्ला, यल्ला! चला पुढे! ब्लड डझन्ट स्टँड स्टिल!" मॅडम ओरडत होत्या. तिसऱ्या फेरीला मी कँटीनच्या पायरीवरच बसले. धाप लागली होती. मॅडम माझ्यापाशी उकिडव्या बसल्या. "आय अ‍ॅम फाइन, मॅम," मी म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्याच दुपारी त्या घरी आल्या. बाबा तिकडे अबू धाबीजवळ, मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर राहून शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी यायचे. आई एकटीच होती. "लहानपणापासून नाजूकच आहे ती," आई म्हणाली. "नाजूक नाही वहिनी, ती दमते. दोन्हींत फरक आहे," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तपासण्यांत कळलं की माझ्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. ऑपरेशन करावं लागणार होतं.

आईने साफ नकार दिला. हसतीखेळती मुलगी टेबलावर कशी झोपवू, एवढंच तिचं म्हणणं. बाबांचंही तिच्यापुढे काही चालेना. शुक्रवारी मॅडम पुन्हा आल्या. हॉलमधला गालिचा गुंडाळून त्यांनी फरशीवर तेच हृदय आखलं. "अंगभर फिरून आलेलं रक्त उजवीकडे येतं, वहिनी. ते फुप्फुसात जातं, ऑक्सिजन घेतं, डावीकडे परततं, आणि डावी बाजू ते सगळ्या अंगाला पाठवते. हिच्या पडद्याला भोक आहे. त्यामुळे ताजं रक्त थोडं थोडं पुन्हा उजवीकडेच सांडतं. पुन्हा फुप्फुसात, पुन्हा परत. उजवी बाजू फुकटची राबते. आज राबतेय, पण जन्मभर कशी राबेल?"

आई फरशीकडे बघत राहिली. "हृदय थांबवतात म्हणे त्यात..."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "थांबवतात. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. खोटं सांगून मला तुमची सही नकोय."

आई खूप रडली. मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "आणि ते भोक... शिवतात कशाने?" ती तयार झाली आहे, हे मला तेव्हा कळलं.

रक्त द्यायला बाबांच्या वर्कशॉपमधली माणसं कंपनीच्या बसने आली. मॅडमही रांगेत उभ्या होत्या, पण त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि नर्सने त्यांना परत पाठवलं. "एवढी वर्षं रक्त शिकवतेय, आणि माझंच चालत नाही!" त्या खरोखर चिडल्या होत्या. ऑपरेशन चालू असताना मात्र त्या आईजवळून हलल्या नाहीत. आता मशीनवर घेतलं असेल, आता शिवत असतील, आता हृदय पुन्हा सुरू झालं असेल... हळू आवाजात सांगत राहिल्या. तो दिवस त्या आवाजावर काढला, असं आई अजून म्हणते.

मी बरी झाले, शिकले, नोकरीला लागले. मॅडमच्या किडन्या मात्र दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जमेल तेव्हा मी सोबत जायचे. शेवटच्या वेळी गेले, तेव्हा त्या फार थकल्या होत्या. "जिने चढताना धाप लागते का गं?" त्यांनी विचारलं. "नाही, मॅडम." "मग लिफ्टने का आलीस?" ... आम्ही दोघी हसलो.

गेल्या आठवड्यात त्यांचे मिस्टर, आमचे चाचा, डायलिसिसच्या नर्सेसना खजूर द्यायला निघाले, म्हणून मीही गेले. मॅडमच्या खुर्चीत एक नवीन बाई होती, नळ्यांतून जाणारं स्वतःचं रक्त बघवेना म्हणून डोळे घट्ट मिटून बसलेली. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा पठाण टॅक्सीवाला सुया टोचलेला हात न हलवता, दुसऱ्या हाताने हवेत गोल काढत तिला सांगत होता, "घबराओ मत, बहन. खून कहीं नहीं जाता. इधर से निकलता है, मशीन में साफ होता है, इधर से वापस आता है. इसी कुर्सी वाली टीचर ने मेरे को समझाया था."

बाईने एक डोळा उघडून नळीकडे बघितलं. चाचा दारातच थांबले. त्याचं सांगून होईपर्यंत आम्ही आत गेलो नाही.