सहाव्या फलकामागची भिंत

डोंबोतेमाच्या टेकडीवर शुवाई ग्वेन्झीला एकच काम होतं, भिंती मोजायचं. चुना नाही, गारा नाही, नुसते ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक बसवून शेकडो वर्षांपूर्वी रचलेल्या त्या भिंती. त्यांत जागोजागी पितळी खिळे ठोकलेले होते. दर सोमवारी दोन खिळ्यांमधलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. गावातल्या बायका तोंडावर तिला लेकीच्या नावानं ‘माई रुंगानो’ म्हणत आणि पाठीमागे ‘भिंतींची नर्स’.

उत्तरेची भिंत मात्र जुनी नव्हती. मूळची ढासळली तेव्हा, सत्त्याऐंशी साली, शुवाईच्या वडिलांनी ती नव्यानं उभी केली होती. ग्वेन्झी म्हातारा आता अठ्ठ्याहत्तरचा होता. सगळं गाव त्याला सेकुरू, म्हणजे आजोबा म्हणे, आणि ती भिंत दाखवताना लोक त्याचंच नाव घेत.

त्या वर्षी टेकडी सांभाळणाऱ्या कचेरीनं तिथं नवी वाट आखली. सोबत वाटाड्या नको. फाटकापाशी नकाशा घ्यायचा आणि पांढऱ्या बाणांमागून आपल्या पायांनी, आपल्या सवडीनं हिंडायचं. अकरा फलक होते. पाचव्यापाशी एक जण झाडाखाली बसून एम्बिरा वाजवणार, सातव्यापाशी बायका मडकी घडवणार. सहावा फलक उत्तरेच्या भिंतीपुढे होता आणि त्यावर सेकुरूंचा फोटो होता, हातात हातोडी घेतलेला.

सप्टेंबरात त्या भिंतीनं पोट काढलं. आधी वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकणारी भिंत दोन महिन्यांत एकोणीस मिलिमीटर पुढे आली. शुवाईनं फटीवर काचेची पट्टी चिकटवली, भिंत हलली की तडकेल अशी. नवव्या दिवशी ती मधोमध तडकली.

ती चिदावासाहेबांकडे गेली. वाटेचं सगळं काम त्यांच्या अंगावर होतं.

“माई, भिंत तुमच्याच बाबांची,” ते म्हणाले. “त्यांच्या फोटोखाली ‘धोका’ अशी पाटी लावू? शनिवारी उद्घाटन आहे. येता पावसाळा जाऊ दे, मग बघू.”

“साहेब, पावसातच पडेल ती.”

“तुम्ही मोजा. ठरवायचं काम आमच्याकडे राहू दे.”

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली. रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांची खुशाली विचारून झाली, आणि मग तिनं सांगून टाकलं.

“माझ्या भिंतीला पोट सुटलं म्हणतेस?”

“हो, बाबा.”

“तुझी पट्टी वाकडी असेल.”

“तीनदा मोजलं.”

म्हाताऱ्यानं साड्झाचं ताट बाजूला सारलं. “शनिवारी अख्ख्या गावासमोर मला पुढची खुर्ची आहे. तुझ्या भावानं कोट शिवलाय. आणि माझ्या पोटची पोर येऊन सांगते, भिंत खोटी!”

“खोटी नाही म्हणत. पडेल म्हणते.”

“जा घरी.”

शनिवारी सगळ्यात आधी शाळेची चाळीस पोरं वाटेवर सोडायची होती. शुवाई तांबडं फुटताच टेकडीवर गेली. पाचव्या फलकापुढचा बाण उपटून तिनं खालच्या पायवाटेकडे वळवला आणि वरच्या वाटेवर काटेरी फांद्या ओढून टाकल्या. हात रक्तबंबाळ झाले. पोरं आली आणि पाचावरून सरळ सातावर गेली. सहावा फलक कुठाय, असं एकाही पोरानं विचारलं नाही.

सेकुरूंनी विचारलं. भाषणं आटोपल्यावर पाहुण्यांना घेऊन ते स्वतःचा फोटो पाहायला निघाले आणि काट्यांपाशी थबकले.

“हे कुणी केलं?” चिदावासाहेब ओरडले.

“मी,” शुवाई म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ऐका मंडळी, माझी मुलगी मला गावासमोर नागवा करायला निघालीय,” असं म्हणून त्यानं काठीनं फांद्या बाजूला केल्या आणि तो वर चढू लागला. शुवाई मागे धावली. बाकीचे जागीच उभे राहिले.

भिंतीपाशी तो थांबला. तळवा चिऱ्यांवर टेकवला, वरपासून खालपर्यंत फिरवला. मग काठीच्या टोकानं ठोकलं. इथे ठोक, तिथे ठोक. नंतर तो एकदम एका दगडावर बसला.

“आत दगडाच्या चिपा भरायच्या असतात,” तो म्हणाला. “हातानं, एकेक बसवून. वर्ष संपत आलं होतं. तेव्हाचा मुकादम रोज डोक्यावर उभा. मी माती भरली, पोरी. बाहेरचे चिरे असे बसवले की कुणाला कळू नये.”

“परवा का नाही बोललात?”

“फलकावर फोटो होता.”

तिनं त्याला हात धरून उठवलं. खाली आल्यावर तो सगळं सांगेल असं तिला वाटलं. पण काट्यांपाशी तो साहेबांना एवढंच म्हणाला, “वाट बंद ठेवा,” आणि मान खाली घालून घरी गेला. का बंद ठेवायची ते कुणाला कळलं नाही. सोमवारी शुवाईच्या हातात ताकिदीचं पत्र पडलं. बाजारात बायका बोलणं थांबवून तिच्याकडे बघू लागल्या. “बापाच्या मोठेपणावर जळते,” असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. तिनं उलटून उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बापाचं नाव निघालं असतं.

नोव्हेंबरात पावसाळा सुरू झाला आणि तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी उत्तरेची भिंत बसली. सहावा फलक, त्यापुढचा बाक, वाट, सगळं दगडांखाली गेलं. वाट बंदच होती, तिच्यावर माणूस नव्हता.

चौकशीला शहरातून दोघं आले. ढिगाऱ्यातली लाल माती पाहून त्यांनी शुवाईला विचारलं, “ही आत कशी आली?” तिनं वही उघडून नुसती मापं पुढे केली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. तोच कोट घालून, चिखल तुडवत म्हातारा वर आला होता.

“तिला काय विचारता? मी घातली,” तो म्हणाला.

चौकशीवाल्यांनी लिहून घेतलं, त्याचा अंगठा घेतला. कचेरीनं ताकिदीचं पत्र मागे घेतलं. चिदावासाहेबांनी शुवाईची माफी मागितली नाही, पण सोमवारची वही ते आता स्वतः मागून वाचू लागले. गावानं म्हाताऱ्याला हिणवलं नाही. उलट ‘जुनी गोष्ट, सोडा सेकुरू’ म्हणून सांगणारेच जास्त भेटले. त्याला तेच सोसेना. तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या झाडाखालच्या बैठकीला जायचा बंद झाला.

आता सोमवारचं काम उरकलं की शुवाई वाटेत त्याच्याकडे थांबते, माहेवूचा, मक्याच्या पातळ पेजेचा, पेला त्याच्यापुढे ठेवते. तो दोन घोट घेतो आणि पेला खाली ठेवतो.

“चाळीस पोरं होती ना त्या दिवशी?” तो विचारतो.

“हो, बाबा.”

“बाकावर बसली असती.”

ती म्हणते, “प्या, आंबेल.” याहून दुसरं काय बोलावं ते तिला अजून सापडलेलं नाही.