न्यायचं म्हणून न्याय

तमाम विद्वानांनी आपापले ग्रंथ मिटावेत. 'न्याय' या शब्दाचं मूळ सापडलं आहे. ते अहमदपूरजवळच्या आमच्या गावात, लिंबाच्या पाराखाली आहे. ते शोधताना माझा एक दात पडला.

पारावर गादी, गादीवर मालक. खाली मातीत मी, चपला हातात. आमच्या आळीतल्या माणसानं पारापुढं चपला घालायच्या नाहीत, हा रिवाज. गावात मोबाईल आला, डांबरी रस्ता आला. आमच्या चपला हातातच राहिल्या. समोरच्या वाड्याच्या दारात मालकीणबाई, पदर तोंडावर ओढून.

मालकांचं म्हणणं, माझ्या शेळीनं त्यांचं सोयाबीन खाल्लं. शेळी गाभण. सकाळपासून माझ्या दारात बांधलेली. पण तक्रार मालकांची, साक्ष त्यांच्या गड्याची आणि निकाल पुन्हा मालकांचाच. गड्यानं तिला सोडून पारापाशी आणलंही होतं. तिच्या पिल्लांवर माझं वर्ष निघणार होतं.

मी म्हणाले, "मालक, न्याय करा."

मालक खुलले. "न्यायच करायलोय की. न्यायचं, म्हणून तर न्याय म्हणतेत. ने रे शेळी."

सगळा पार हसला. कोटी चांगली होती, कशाला खोटं बोलू?

मी झेप घेऊन दावं धरलं. मालक खाली उतरले. माझ्या हातातली एक चप्पल हिसकली आणि तिनंच माझं तोंड फोडलं. एकदा. पुन्हा. दात मातीत पडला.

रक्त थुंकताना डोक्यात लख्ख उजेड पडला. आईच्या कोंबड्या गेल्या, बापाचा बांध गेला, सगळं याच पारावरच्या न्यायानं गेलं. वर बसलेला नेतो, खाली उभा असलेला देतो. आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्याच्याचकडं न्याय मागतो. शिकलेले लोक कोर्टात दावा लावतात. माझ्याकडं दावं होतं. ते मी मनगटाला गुंडाळलं.

"न्यायची तर हात तोडून न्या."

त्यांनी पुन्हा चप्पल उगारली. मी त्यांच्या मनगटात दात रोवले. उरलेले. ते किंचाळले, चप्पल पडली. माझं ठरलं होतं. मेले तरी दावं सुटणार नाही. जगले, तर या पारापुढून चपला घालूनच जाईन.

मालकांनी डावा हात उचलला. तेव्हा पुरुषांसमोर कधी तोंड न उघडलेल्या मालकीणबाई दारातून एकदम बोलून गेल्या,

"अगं, दुसरी चप्पल तुझ्या हातातच हाय की."