पोत्यांच्या काट्यावर

आठवीत शाळा सुटलेला मी, विसाव्या वर्षी बीडहून गोंदियाजवळच्या राईस मिलमध्ये हमालीला आलो. तिथल्या गेटपाशी मला एक हाडं निघालेली कुत्री सापडली. भात हुंगून ती तोंड फिरवायची. फक्त उकडलेलं अंडं खायची. वजन वाढलं नाही तर ती जगणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी तिला उचलून मी पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचो आणि आकड्यातून माझे बावन्न किलो वजा करायचो. पाच रविवार आकडा जागचा हलला नाही. काळजीनं मला घास उतरेना. माझ्या ताटातलं अंडंही तिलाच जायचं.

शेवटी पोती शिवणारी मावशी म्हणाली, "बाबू, तिले खाली ठेव. एकटा उभा राह्य."

काटा सत्तेचाळीसवर थांबला.

"कुत्री तं भरून राहिली. तूच वाळून राहिला. मायले सांगतलं काय?"

आईला मी रोज फोनवर पोटभर जेवलो म्हणून सांगत होतो. मावशीनं आपला डबा माझ्यापुढं सरकवला. पहिला घास घेतला, आणि कुत्री वाचली याचं सुख बाजूला राहून मला आईच आठवत राहिली.