काहिलीत बसलेले मामंजी

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव तेरच्या अलीकडं, एका तळ्याच्या उत्तर काठावर. नणंद दिली होती समोरच्या, दक्षिण काठावरच्या गावात. पण दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. पंचमीला लेकीला आणायला माझे सासरे, म्हणजे मामंजी, तिकडं गेले, तर व्याह्यांनी तहसिलीच्या चपराशाला गादीवर बसवलं आणि मामंजींना घोंगडीवर. मामंजी तिथंच गरजले, "ह्या काठाला पुन्हा पाय लावीन तर मिशा काढीन!"

त्या कार्तिकात थंडी लवकर आली. आदल्या दिवसापर्यंत ऊन चटचटत होतं, आणि एकाएकी उत्तरेचा वारा सुटला. सकाळी तळ्यावर गेलो तर पाणी न्हाणीतल्यासारखं कोमट, वर वाफा. तळ्याची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की आमचं शेत. ती आम्ही गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून ओलांडायचो. मामंजी, सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणायचे) आणि मी बसलो. काठाच्या आडोशाला पाणी गप होतं. जरा आत गेलो आणि वाऱ्यानं काहील धरली; गरगर फिरवत तिला भर तळ्यात नेली.

सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी पदराआडून म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना सांगा, वल्हं उलटं धरलंय."

"अवो, सून म्हणती वल्हं उलटं हाय."

"सुनंला सांग, मला समदं कळतंय," मामंजी म्हणाले, वल्हं सुलट करायला गेले, आणि ते हातातून निसटून वाहून गेलं.

काहील थेट व्याह्यांच्या काठाला लागली. "म्या काय शपथ घेतली न्हाय," म्हणत आत्याबाई लुगडं सावरून उतरल्या आणि लेकीच्या घराकडं चालू लागल्या. मीही उतरले. मामंजी हलेनात. दात कडकड वाजत होते, म्हणून दोन्ही हात कोपरापर्यंत कोमट पाण्यात घालून बसले.

व्याही धावत आले. "उतरा की, पावणं!"

"म्या आलोच न्हाय. वाऱ्यानं आणलंय. पडला की जाईन."

"कवा पडंल?"

"ते वाऱ्याला इचारा."

व्याह्यांनी जरा विचार केला आणि आठ गडी बोलावले. त्यांनी काहील मामंजींसकट उचलली. कुणीतरी हलगी आणली. मामंजी काठ घट्ट धरून, ताठ बसून, दोन्हीकडच्या बघ्यांना रामराम घालत गावातून निघाले. काहील ओसरीवर ठेवली, व्याह्यांनी स्वतः गादी आणून आत अंथरली. पिठलं-भाकरीही काहिलीतच झाली. नणंद वाढायची आणि हसू दाबत चुलीकडं पळायची.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामंजी हातात तांब्या घेऊन गुपचूप उतरले. अंगणात व्याही राखुंडीनं दात घासत होते. त्यांची नजर मामंजींच्या जमिनीवरच्या पायांकडं गेली.

"म्या काय बी बघितलं न्हाय," व्याही तोंड फिरवून म्हणाले.

"मग मिशा?"

"राहू द्या. शोभत्यात."

वारा तीन दिवस पडला नाही. शेवटी व्याह्यांच्या बैलगाडीतून, तळ्याला लांबचा वळसा घालून आम्ही परतलो, नणंदेला माहेरपणाला बरोबर घेऊन. गार वारा लागू नये म्हणून गाडीवर काहील उलटी ठेवली होती. तिच्याखाली मामंजी बसलेले, त्यांना सर्दी झालेली. ते शिंकले की काहील अशी घणघणायची, की बैल थबकायचे.