माहेरचं हवामान

आमची शेजारीण कुसुमबाई राहते तेलंगणात आणि ऊन मागवते महाराष्ट्रातून. हे मी तिच्या तोंडावर म्हणते. ती चिडत नाही, त्यामुळे म्हणायची अर्धी मजा जाते.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात आमचं गाव. पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात तिचं माहेर. तिथं तिचे थोरले भाऊ, उद्धवराव. दोन वर्षांमागे त्यांची बायको गेली आणि या माणसानं जी खोली धरली ती धरलीच. शेत मुलांवर सोडलं, बोलणंही बंद. कुसुमबाई रडली, भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका सकाळी तिनं फोनवर सहज विचारलं, "भाऊ, आभाळ कसं हाये तिकडं? मिरच्या वाळू घालू का?" उद्धवराव उठून अंगणात गेले, वर पाहिलं आणि चक्क दोन वाक्यं बोलले.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. आता ते टीव्हीवरच्या बातम्या ऐकून, दोघाचौघांना विचारून तयार बसतात.

यंदा होळीनंतर हवेचं काही खरं नव्हतं. पहाटे शाल, दुपारी कूलर, संध्याकाळी विजा. अशात कुसुमबाईनं कुरडयांचे गहू भिजवले. तीन दिवसांनी ते वाटून चीक काढला. सकाळी तो शिजवायचा, तर सून भाग्यश्री मोबाइलवरचा तेलुगू अंदाज घेऊन आली. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, आदिलाबादजवळच्या मावला गावची, तेलुगू शाळेत शिकलेली.

"आई, आज दुपारी वादळ सांगतलं, गारा बी. चीक फ्रीजमदी ठेवू, परवा करू."

कुसुमबाईनं भावाला फोन लावला. "कडक ऊन हाये," उद्धवराव म्हणाले. "घाल बिनधास्त."

"माया मोबाइलचं काऊन खरं नाही, आई?"

"तुया मोबाइलले खोलीतून बाहेर काढा लागत नाही, पोरी. त्यानं घाल म्हटलं अन् म्या नाही घातल्या, तर उद्या तो कायच्यासाठी वर पाहीन?"

भाग्यश्रीचं तोंड फुगलंच. फुगणारच. नव्या सुनेनं चांगल्याचं सांगावं आणि सासूनं नदीपलीकडून ऊन आणावं!

आम्ही तिघींनी गच्चीवर लुगडी अंथरून कुरडया घातल्या. सोऱ्या दाबून माझे खांदे भरून आले. जेवणं होतात न होतात तोच पैनगंगेकडून काळं आभाळ चढलं. धावलो, पण वाऱ्यानं आधी लुगडी उचलली आणि मग गारा आल्या. निम्म्या कुरडया हाती लागल्या, बाकीच्यांचा लगदा झाला. भिजतच स्वयंपाकघरात आलो. मला रागच आला. "घ्या, माहेरचं ऊन!" मी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. हात चिकानं बरबटलेले, म्हणून कुसुमबाईनं तो स्पीकरवर टाकला. उद्धवराव होते.

"कुसुम, इकडं गारा पडून राह्यल्या. तुया कुरडया?"

"वाचल्या थोड्या."

ते म्हणाले, "मले काही समजत नाही आता. उद्यापासून मले नोको विचारू."

कुरडयांसाठी कुसुमबाईनं हूं की चूं केलं नव्हतं. आता डोळे भरून आले. दोन वर्षांची सगळी मेहनत त्या एका वाक्यात वाहून चालली होती.

भाग्यश्रीनं फोन उचलला. केसांतून पाणी गळत होतं. आता ही सुनावणार, मी मनात म्हटलं, आणि तिचा हक्कच आहे.

"मामाजी, मी भाग्यश्री. आमच्या इकडच्या मोबाइलनं बी कडक ऊनच सांगतलं होतं. तुमी एकटेच नाही चुकले."

"तेलुगूवाल्यानं बी?"

"त्यानं बी. आता आमी कोनाले विचाराव? घरात गहू हायेत अजून."

पलीकडे दाराची कडी वाजली, चपला फरफटल्या.

"पश्चिमेकडं उघडून राह्यलं," उद्धवराव म्हणाले. "उद्या गारवा राहीन. परवापासून ऊन. सासूले सांग, गहू आजच भिजव."

फोन बंद झाला. कुसुमबाईनं पदरानं डोळे पुसत, अगदी बारीक आवाजात सुनेला विचारलं, "परवाचं तुया मोबाइलवर काय दाखवते वं?"

भाग्यश्रीनं मोबाइल फळीवर पालथा ठेवला आणि गव्हाच्या डब्याचं झाकण काढलं.

"मामाजीनं सांगतलं ना, ऊन हाये म्हनून."